नाकसाहेबांची रविवारची कॉफी

कंपनीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत, आणि तेही तोंडावर. माल आला की पोत्यांतल्या मूठभर कॉफीच्या बिया भाजून, दळून, गरम पाण्यात भिजवून त्यांच्यापुढे वाट्या मांडल्या जात. नाकसाहेब वाकून वास घेत, चमच्याने फुरका मारत, थुंकत आणि एकच शब्द बोलत: पास, नाहीतर परत. त्या एका शब्दावर गाड्या गोदामात रिकाम्या व्हायच्या किंवा आल्या वाटेने माघारी जायच्या. एवढा मान मिळालेला माणूस तो घरी येताना ऑफिसात ठेवून थोडाच येतो? भाजीत काय जास्त झालंय, शेजारच्यांचं काय करपलंय, हे ते खुर्चीतून न उठता सांगायचे आणि बायको मनातल्या मनात हात जोडायची.

मग त्यांना एक साधा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला.

त्यांनी हे कुणालाच कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. पण बायकोपासून असल्या गोष्टी लपतात का? एकदा दूध तळाला लागून घरभर करपट वास सुटला, आणि नाकसाहेब त्याच ओट्यापाशी उभे राहून निवांत काकडी सोलत होते. तिने गॅस बंद केला आणि तिच्या सगळं लक्षात आलं. नाक गेलं म्हणजे खुर्ची गेली. खुर्ची गेल्यावर या माणसाचं काय उरणार, हे तिला एवढ्या संसारात चांगलं कळलेलं होतं. आपल्याला काही समजलेलंच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

त्याच सुमारास त्यांना नवा छंद लागला. जावयाने हौसेने आणलेलं बार्बेक्यूचं ग्रिल मागच्या अंगणात पडून होतं. नाकसाहेबांनी जाळीचा एक डबा करून घेतला, त्याला लांब दांडा बसवला आणि दर रविवारी निखाऱ्यांवर तो गरगर फिरवत ते कॉफीच्या कच्च्या बिया भाजू लागले. हिरवा रंग पिवळा होई, पिवळा तपकिरी होई, मग बिया तडतडू लागत. पहिली तडतड सरून दुसरीची चाहूल लागली की डबा खाली आणि बिया चाळणीत. सालं उडून दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसायची. ती कपडे पुन्हा धुवायची, पण चकार शब्द काढायची नाही. बिचारे गेलेला वास शोधतायत, असं वाटून तिला भरून यायचं.

संध्याकाळी कप तिच्या हातात द्यायचा आणि समोर खुर्ची ओढून बसायचं, हा त्यांचा नेम.

"कशी झालीय?"

"छान."

"छान म्हणजे? नीट सांग. आंबट लागते? मातकट?"

"मातकट कशाला लागेल? सुरेख झालीय अगदी."

खरं म्हणजे ती कधी ओल्या गोणपाटासारखी लागायची, कधी औषधासारखी. पण 'सुरेख' म्हटलं की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की तिला पुढचं खोटं आपोआप सुचायचं. खोटं बोलायलाही हात बसावा लागतो, आणि तिचा चांगलाच बसला होता.

एका शनिवारी लेक-जावई आले. जावयाने ग्रिलवर मासे भाजले, सगळे मिटक्या मारत जेवले आणि ग्रिल तसंच झाकून पाहुणे गेले. रविवारी नाकसाहेबांनी झाकण उघडलं, निखारे फुलवले आणि बिया भाजल्या. संध्याकाळी पहिल्याच घोटाला तिच्या घशाशी आलं. कॉफी कसली, मासे धुतलेलं पाणी होतं ते.

"आज जरा सावकाश सांग," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

"आजवरची सगळ्यांत चांगली," ती म्हणाली आणि तिने कप संपवला. असल्या शौर्याला कुणी पदक देत नाही.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. "बाबा, सॉरी हं. ग्रिल घासायचं राहूनच गेलं. कॉफीला माशांचा वास मारत असेल."

"नाही. चांगली झालीय," म्हणत नाकसाहेबांनी फोन ठेवला आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

"वास येत होता?"

ती पदराने ओठ पुसू लागली.

"मी विचारतोय. येत होता का?"

"येत होता."

"आणि इतके दिवस?"

"अहो, मला माहितीये सगळं. त्या तापापासून तुम्हाला... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी चांगलंच म्हणत गेले."

ते चिडतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"त्या बिया दुकानातल्या नव्हत्या. कंपनीत आलेल्या मालातलाच मूठभर नमुना मी घरी आणायचो. सोमवारी टेबलावर जे येणार, ते आदल्या दिवशी तुला पाजत होतो. तू छान म्हणालीस की मी पास म्हणायचो."

तिला एकेक रविवार आठवला. ओलं गोणपाट पास झालं होतं. औषधही पास झालं होतं.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"तुलाही सांगता आलं असतं. मागे एक अख्खी गाडी गिऱ्हाइकाकडून परत आली. बुरशी होती. मालकांनी विचारलं, हा माल पास कसा झाला? मी छातीठोकपणे सांगितलं, माझ्या टेबलावर चांगला होता, गोदामात भिजला असणार. गोदामवाल्याला काढून टाकला परवा."

तिला रडू फुटलं. तापात ऑफिसात चक्कर आलेल्या नाकसाहेबांना पाठीवर घेऊन दोन जिने उतरवणारा आणि दवाखान्यात बसून राहिलेला माणूस म्हणजे हाच गोदामवाला.

"उद्या जाऊन खरं काय ते सांगतो," ते म्हणाले. "त्याला परत घेतील."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. हो, सांगा, असं म्हणायला तिने तोंड उघडलंही होतं. पण दिवसभर खिडकीशी बसलेला, कुणी काही न विचारणारा नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिचं मन फिरलं.

"अहो, नका सांगू," ती म्हणाली. "यापुढे जसं लागेल तसंच सांगेन मी. घाण तर घाण. तुमची शपथ."

नाकसाहेब उठून बियांच्या पिशवीत डोकावले. तिला वाटलं, आता नाही म्हणतील. नाही म्हणावं, असंही कुठेतरी वाटलं.

"मूठभर बिया शिल्लक आहेत," ते शेवटी म्हणाले. "परत भाजू?"

"थांबा, आधी ग्रिल घासून देते."

तिने तारेच्या ब्रशने ग्रिल लख्ख घासलं, जाळीचा डबाही घासला. त्यांनी भाजलं, दळलं, कप तिच्या हातात दिला आणि समोर खुर्ची ओढली. गोदामवाल्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

"कशी झालीय?"

तिने दोन घोट सावकाश घेतले. कॉफी खरोखरच उत्तम झाली होती.

"चांगली आहे," ती म्हणाली. "खरंच चांगली आहे."

नाकसाहेब तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा एका अक्षरावरही विश्वास बसला नाही.