पहारीने पाहिलेली भागीदारी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पहार आहे. माझा जन्मच मार खात झाला. लोहाराने मला लालभडक तापवून ऐरणीवर आडवे घातले आणि घणाचे घाव घालून माझे टोक काढले.

मला एका गवंड्याने घेतले. अंगाने दणकट, बोलायला मोजका. बारा वर्षे आम्ही भिंती फोडल्या, फरश्या उचकटल्या, सडक्या चौकटी उपटल्या. "ही माझा तिसरा हात," असे तो चारचौघांत म्हणे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

एके दिवशी त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, घरी आला. घरांच्या खरेदी-विक्रीत तो मुरलेला. एक पडायला आलेली दुमजली इमारत स्वस्तात मिळत होती.

"पैसा माझा, मेहनत तुमची, दाजी. दुरुस्त करून भाड्याने देऊ. खालचा मजला तुमचा, वरचा माझा."

"दादा, मग हेच कागदावर लिहू या की," गवंड्याची बायको दारातून म्हणाली. "दोघं सह्या करा, नोंदणी करून टाका."

"सख्ख्या भावाकडून लिहून घेतेस?" मेहुण्याचा चेहरा उतरला.

गवंडी ओशाळला. "घरातल्या घरात कसले कागद?" म्हणत त्याने तिलाच गप्प केले. खरेदीखत एकट्या मेहुण्याच्या नावाने झाले.

दोन वर्षे गवंड्याने दुसरे काम घेतले नाही. परांचीवरून पडून बरगडी मोडली, तरी आठवड्यात तो पुन्हा उभा राहिला. खालच्या मजल्यावरचा स्वयंपाकाचा ओटा त्याने बायकोच्या उंचीला बेतून बांधला.

रंग वाळतो न वाळतो, तोच मेहुण्याने सगळी इमारत विकायला काढली आणि दाराला कुलूप ठोकले.

"माझा मजला?" गवंड्याने विचारले.

"कुठं लिहिलंय, दाखवा. मजुरी मागा, देतो."

मजुरी! त्या शब्दाने गवंड्याचे डोकेच फिरले. भर दुपारी त्याने मला उचलले. "मी बांधलं, मीच पाडणार!" पहिल्या घावात कुलूप तुटले. मग फरशी फुटली, जिन्याच्या पायऱ्या ढासळल्या, तो ओटाही दुभंगला. मी सांधे शोधत होते आणि तो रडत घाव घालत होता.

मेहुणा दोन माणसे घेऊन धावत आला. एकाने फळी गवंड्याच्या डोक्यात घातली. रक्त डोळ्यांत उतरले. मेहुण्याने नेमकी मोडलेल्या बरगडीवर लाथ मारली. गवंड्याने मला दोन्ही हातांनी उगारले.

"अहो, नको!" मागून धावत आलेली त्याची बायको भावापुढे उभी राहिली.

माझ्या घावाने तिच्या हाताचे हाड वाळक्या फांदीसारखे मोडले. गवंड्याने मला टाकून दिले. तेव्हा मेहुण्याने मला उचलले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या धन्यावर पडले. त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली.

पुढे न्यायाधीशांनी विचारले, "भागीदारीचा लेखी करार आहे का?"

"तोंडी ठरलं होतं," गवंडी म्हणाला.

"असं काही ठरलंच नव्हतं," मेहुणा म्हणाला.

मग त्यांनी गवंड्याच्या बायकोला विचारले, कोणी मारले? ती म्हणाली, "एकानं मारलं, एकानं मारायला लावलं. दोघंही माझेच. कुणाचं नाव घेऊ?"

दोघांनाही शिक्षा झाली. ती भोगून गवंडी सुटला, पण परांचीवर चढणे कायमचे संपले. इमारत घेणारे गिऱ्हाईक पळाले. जिना नसलेली ती इमारत दाव्यात अडकून पडली आहे. मी मुद्देमालाच्या खोलीत गंजते आहे.

मित्रांनो, कुणाबरोबर घर किंवा जमीन घ्याल, तर आधी लिहा. कोण काय घालणार, कुणाचा किती वाटा, विकायचे झाले तर कुणाला विचारायचे, सगळे लिहा. परक्याशी लिहा, आणि मायेच्या माणसाशी तर नक्कीच लिहा. कुणी रुसले तर रुसू द्या. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. मी एकदा उगारली गेले, की मधे कोण आले ते मला दिसत नाही.