केशरबाईला कुणी 'या' म्हटलं नाही

खरं म्हणजे हे मी सांगायचं नव्हतं. केशरबाईनं बजावलं होतं, "तू बघितलंस ते तुझ्यापाशीच राहू दे." पण तिला इथून जाऊन आता चार महिने झाले आणि मला राहवत नाही.

मी परभणीतल्या एका कापसाच्या वखारीतली शिडी. सागवानी, चौदा पायऱ्यांची. हमाल गठडी घेऊन माझ्यावरून थप्पीवर चढायचे. खाली केशरबाई कापसातली पानं-काड्या वेचत बसायची. तिला नवरा नाही, मूल नाही. शेटजींनी तिला वखारीला लागून असलेली पत्र्याची पडवी राहायला दिली होती.

मग कापूस सरकारच घ्यायला लागलं आणि वखारीला कुलूप पडलं. चार वर्षं आत मी आणि बाहेर केशरबाई. "हायेस का गं?" ती दाराच्या फटीतून विचारायची. एवढंच काय ते बोलणं.

शहात्तर साली ख्रिस्ती मंडळीनं वखार विकत घेतली. पाळक लिंबाजींच्या अंगणात उपासना व्हायची, तिथं माणसं मावेनाशी झाली होती. मला पुन्हा काम आलं. माझ्यावर चढून त्यांनी शेटजींचं नाव खरवडलं, चुना दिला, आंधळ्या भिंतीत दोन खिडक्या पाडल्या. तरी वाशांत कापूस राहिलाच. पहिल्या रविवारी गाणं रंगात आलं आणि वरून पुंजके पडू लागले. लिंबाजींच्या बायकोच्या, सत्यशीलाबाईंच्या केसांवर बसले. "म्हातारी झालीस की गं," शेजारीण म्हणाली आणि बायकांची सगळी बाजू हसली. पडवीत केशरबाईसुद्धा हसली. मी दाराशी टेकून होते. मला दोन्हीकडचं दिसायचं.

दर शनिवारी ती लुगडं धुवायची. रविवारी ते नेसून पडवीत बसायची. उपासना सुटली की बदलून ठेवायची.

"जा की आत," एकदा पंचफुला भाजीवाली तिला म्हणाली.

"बोलावल्याबिगर? बारशाला बी आवतण लागतंय."

आत सत्यशीलाबाई नवऱ्याला विचारायच्या, "बाईला बोलवू या का?"

"नको. गाव म्हणंल, म्हातारीला बाटवायलेत. तिच्या मनानं येऊ दे."

केशरबाई आणि लिंबाजी, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोन वर्षं अशीच गेली.

झाडलोटीसाठी मंडळीनं वखारीची किल्ली मात्र तिच्याकडेच दिली होती. बुधवारी दुपारी झाडून झालं की ती दार लोटून घ्यायची आणि सतरंजीवर बायकांच्या बाजूला बसायची. पदर नीट करायची. मग थोडं सरकायची, शेजारी कुणी बसायला आल्यासारखी. उठताना सतरंजीवरच्या सुरकुत्या हातानं मोडायची. हेच कुणाला सांगू नको म्हणाली होती.

एके दिवशी तिनं किल्ली सत्यशीलाबाईंच्या हातात ठेवली. "पेडगावला भाच्याकडं जायलेय."

"का हो मावशी? आमचं काही चुकलं का?"

"न्हाई. मंडळी लय वाढली. पडवी तुमाला लागंल."

सत्यशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते किल्लीकडे पाहत होते. "सांभाळून जा," दोघं म्हणाले. केशरबाई क्षणभर थांबली, मग बोचकं उचलून एसटी स्टँडकडे निघाली.

नंतर बायका आपसात म्हणाल्या, तिला आपली गाणी नको वाटत असतील. मला तोंड असतं तर मी तिथंच बोलले असते. आता माझ्याकडे कुणी फारसं पाहत नाही, दाराच्या फटीतूनही कुणी हाक मारत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. कुणी पेडगावला जाणार असेल तर केशरबाईला गाठा. तिला म्हणावं, पडवी अजून रिकामीच आहे. आणि म्हणावं, आत पहिल्या रविवारपासून सत्यशीलाबाई...

"शिडी आणा हो इकडं," लिंबाजींचा बाहेरून आवाज आलाय. "पडवीचे पत्रे उतरवायचेत."

थांबा, एवढं सांगून होऊ द्या. तिला म्हणावं, सत्यशीलाबाई आपल्या शेजारची जागा अजून कुणालाच