बिनसाखरेचा कप

कमलम्मानं एका कपात साखर टाकली, दुसरा तसाच ठेवला, आणि ट्रे उचलण्याआधी तो असा फिरवला की बिनसाखरेचा कप आपल्या बाजूला यावा. निळ्या फुलाचा तो कप तिचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कमलम्माला शुगर आहे असं सगळे धरून चालले होते आणि तिनंही कधी नाही म्हटलं नव्हतं. नवरा, ईश्वरप्पा, रोज सकाळी कारल्याचा रस स्वतः काढून तिच्यापुढं धरायचा. लिंगपूजा आटोपली, की कपाळावरची विभूती वाळायच्या आत ती डोळे मिटून तो पिऊन टाकायची.

खरं काय ते एका देवळातल्या सिद्धेश्वराला माहीत होतं.

बाहेरच्या खोलीत अंबिका सोफ्याच्या कडेला बसली होती. उदगीरहून एकटीच एसटीनं आली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. सहा-सात वर्षांपूर्वी कमलम्मा आणि ईश्वरप्पा आपल्या लेकीची, अक्षराची, पत्रिका घेऊन हिच्या घरी गेले होते, तेव्हा ही झोपाळ्यावर बसली होती, एक पाय वर घेऊन. हिचा मुलगा महांतेश अमेरिकेत. पत्रिका न उघडताच ती म्हणाली होती, "आमच्या पोराला तिकडं नोकरी करणारी पोरगी पायजे. लातूरच्या कॉलेजात शिकलेलीला तिकडं कोण विचारतंय, अक्का?"

बोलणं वाईट नव्हतं. हसत हसतच बोलली होती. निघताना पदरात खण-नारळही घातला होता.

त्या दिवशी लातूरला उतरल्यावर कमलम्मा घरी न जाता सरळ सिद्धेश्वराच्या देवळात गेली. अमेरिकेचं स्थळ आपल्या पायानं माझ्या दारात येईस्तोर गोड तोंडाला लावणार नाही, असं ती पिंडीपुढं उभं राहून बोलली. नवस बोलून उतरताना तिला हलकं वाटलं होतं. पुढं अक्षरा हैदराबादला गेली, कॉम्प्युटरच्या कसल्याशा चिपांचे नकाशे करायला लागली, स्वतःचं घर थाटलं. चार ठिकाणची स्थळं आली, गेली. कमलम्माच्या नवसातली धार कधीच गेली होती. उरलं होतं ते पाळणं, आणि पाळणं तिला जमत होतं.

आता अक्षरा पुढच्या महिन्यात तैवानला निघाली होती. कंपनीनं तिला तिथं मोठ्या हुद्द्याची जागा दिली होती.

"लई शाकाहारी खानावळी हायेत म्हणे तिथं," ईश्वरप्पानं सकाळी सांगितलं होतं. गंजगोलाईच्या बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान. जगाचं त्याला तिथूनच कळायचं. "अगं, आधी गिऱ्हाईक विचारायचं, जर्मनचं हाय का? आता विचारतंय, चायनाचं हाय का, अन् त्यातलं चांगलं हाय का साधं? जग तिकडं सरकून राहिलंय." तिकडं म्हणताना त्याचा हात न्हाणीघराकडं गेला होता. घरातली पूर्व तीच.

तो दुकानात गेल्यावर अक्षराचा फोन आला होता.

"आई, त्या उदगीरच्या मावशी येणार हायेत ना आज? न्हाई म्हणून सांग."

"बघते."

"बघते न्हाई. मी आता सगळं सोडून अमेरिकेला जाऊन त्याच्या घरात बसू का? बाबा बोलतील गोलगोल. तूच सांग. सांगशील ना?"

"पूजा व्हायचीय माझी," असं म्हणून कमलम्मानं फोन ठेवला होता.

पूजेत आज तिचं चित्त लागलं नाही. तळहातावरच्या लिंगाकडं बघताना तिला एकच दिसत होतं. आपण मागितलं होतं ते दारात येऊन उभं राहणार. देवानं दिलेलं नको म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? आणि घ्यायचं तर पोरीचं काय?

तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला. शेजारी पेढ्यांची बशी सरकवली.

"घ्या."

"पाणी प्याले की. बसा तुम्ही, अक्का." अंबिकानं बशी बोटानं थोडी मागं सारली. "चहात साखर टाकली का? मला विसरलंच सांगायचं. गोड बंद हाय माझं."

"शुगर?"

"न्हाई." अंबिकानं पर्सची चेन उगीच ओढली, परत लावली. "सोडलंय."

कमलम्मा खुर्चीवर बसत होती. ती अर्ध्यात थांबली, मग हळू बसली. सोडलंय हा शब्द कसा उच्चारतात ते तिला माहीत होतं. त्यापुढं कुणी विचारू नये, म्हणून तो असा खाली बघून बोलायचा असतो. तिनं विचारलं नाही.

अंबिकाच बोलली.

"हे गेले ना, तेव्हा महांतेशला येता आलं न्हाई. आला असता तर परत आत घेतील का न्हाई, असलं काहीतरी व्हिसाचं. इकडं ह्यांना समाधीत बसवून माती देऊन राहिले, अन् तिकडं त्यानं मोबाईलवर बघितलं. दीर मोबाईल धरून उभे. तेवढ्यात रेंज गेली." ती थोडं हसल्यासारखी झाली. "त्या दिवशी गावच्या उदागीरबाबाला नवस बोलले. पोरगं माघारी येईस्तोर गोड खाणार न्हाई."

"अन् आता?"

"आता कंपनीनं काढलं त्याला. लई जणांना काढलं म्हणे. दोन महिन्यांत दुसरी नोकरी धरा, न्हाईतर निघा. इतकी वर्षं राहिला, घरभाडं भरलं, टॅक्स भरला, अन् निघा." तिनं मान वर केली. "मी काय खोटं बोलू, अक्का? बाबानं ऐकलं म्हणून आधी आनंदच झाला मला. मग पोराचा आवाज ऐकला."

बाहेर रिक्षा थांबली, गेली. कमलम्मानं पदर सारखा केला.

"अंबिकाबाई, अक्षरा तिकडं यायची न्हाई," ती म्हणाली. एवढं वाक्य तिनं सकाळपासून तोंडात धरून ठेवलं होतं. बोलून झाल्यावर तिला देवघराकडं बघवलं नाही.

"कुठं तिकडं?"

"अमेरिकेला."

"अगं बाई!" अंबिकानं कपाळावर हात मारला. "तुम्हाला तसं वाटलं? तिला कशाला बोलवू मी? महांतेश तिच्याकडं जातो म्हणतोय. तैवानला. तिच्या कागदावर नवऱ्याला येता येतंय म्हणे. नोकरी तो आपली आपण शोधील. घरात बसावं लागलं तरी बसतो म्हणाला थोडे दिवस. स्वयंपाक येतो त्याला. भाकरी न्हाई येत, बाकी सगळं येतंय." ती थांबली. मग आवाज खाली गेला. "तैवानहून इकडं यायला एका रात्रीचं विमान. तेवढं आलं तरी मी परत आल्यावानीच धरीन."

समोरच्या बाईच्या बोटात तेव्हाची जाड अंगठी आज नव्हती, हे कमलम्माला आता दिसलं. झोपाळा आठवला. लातूरच्या कॉलेजातल्या पोरीला तिकडं कोण विचारतंय, हे वाक्य इतकी वर्षं तिनं शब्दन् शब्द जपलं होतं. ते परत द्यायला याहून बरी वेळ येणार नव्हती.

अंबिकालाही ते आठवलं असावं.

"तेव्हा मी तुम्हाला जे बोलले, अक्का..."

"चहा निवून राहिलाय," कमलम्मा म्हणाली.

तिनं निळ्या फुलाचा कप उचलला आणि अंबिकाच्या हातात दिला.

"हा घ्या. ह्यात साखर न्हाई."

"हा तर तुमचा. तुम्हाला शुगर हाय म्हणतात."

"घ्या तुम्ही."

ट्रेमध्ये एकच कप उरला. कमलम्मानं तो दोन्ही हातांत धरला, कपाळाशी नेला, प्रसाद घ्यावा तसा, आणि घोट घेतला. फार गोड होता. जिभेला नीट ओळखही पटेना. तिनं तो थांबत थांबत, तळाशी विरघळायची राहिलेली साखर हलवून, पूर्ण प्याला. अंबिका बघत राहिली. तिनंही काही विचारलं नाही.

"अंबिकाबाई, मी हो म्हणत न्हाई अन् न्हाई पण म्हणत न्हाई," कप खाली ठेवून कमलम्मा म्हणाली. "तिचा नंबर देते. महांतेशनं तिला फोन करावा. मी येऊ का म्हणून त्यानं विचारावं. आईनं न्हाई, त्यानं."

"पोराकडच्यांनी विचारायचं? पोरीला?"

"हाव."

अंबिकानं क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा मोकळी हसली. "बरं बाई. त्याला सांगते, नीट बोल म्हणून. लई अडखळतंय ते."

निघताना कमलम्मानं, विधवेची ओटी भरत नाहीत ही रीत बाजूला ठेवून, तिची ओटी भरली. पेढे मात्र दिले नाहीत.

दुपारी ईश्वरप्पा जेवायला आला तेव्हा कमलम्मा स्वयंपाकघरात उभी होती आणि तिच्या हातात अर्धा पेढा होता.

"अगं, अगं! शुगर वाढंल ना!"

"शुगर न्हाई मला. कधीच नव्हती."

तो टोपी हातात धरून उभा राहिला. "मग ते कारल्याचं पाणी?"

"तुम्ही काढून देत होता," ती म्हणाली. "म्हणून पीत होते."

ईश्वरप्पानं टोपी खुंटीला लावली. उदगीरचं काय झालं, हे विचारणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तिनं मोघम काहीतरी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. त्यानं खिशातून मोबाईल काढला, अक्षराला लावला. हात धुऊन आला, परत लावला. पानावर बसल्यावर पुन्हा एकदा.

"एंगेजच हाय. कवाचं लावून राहिलो. ऑफिसच्या टायमाला एवढं कुणाशी बोलून राहिली ही?"

"राहू द्या," कमलम्मा म्हणाली, "भाकरी निवंल," आणि उरलेला अर्धा पेढा तिनं तोंडात टाकला.