अर्धं जुनं ठेवायचं

आमच्या घरात शिळं टिकत नाही. आमच्या सुदामा नगरात कचरागाडीचं गाणं वाजलं की आई डबे घेऊन दारात, आणि मी तिचीच मुलगी. त्या स्वच्छतेनेच माझा घात केला.

लॅबमध्ये माझ्याकडे एक डिश होती. माझ्या धाकट्या भावाच्या, शार्दूलच्या रक्तापासून तयार केलेल्या मेंदूच्या पेशी तिच्यात अठ्ठेचाळीस दिवस वाढत होत्या. शार्दूलला लहानपणापासून फिट्स येतात, औषधं लागू पडत नाहीत. गुरुवारी या पेशींवर एक नवं औषध घालून बघायचं होतं. बाकीच्या दोन डिशना बुरशी लागली होती. उरली ही एकच.

पेशी ज्या द्रवात जगतात तो बदलताना अर्धा जुना ठेवायचा, हा नियम मी ज्युनिअर्सकडून घोकून घेते. जुन्यात पेशींनीच सोडलेलं बरंच काही असतं, त्यावर त्या तग धरतात. पण सकाळी तो पिवळट दिसला आणि मी, अतिशहाणी, सगळा काढून फेकला आणि नवा भरला.

दुपारी स्क्रीन लावला. डिशच्या तळाशी चौसष्ट इलेक्ट्रोड, प्रत्येकाची एक रेघ. पेशी बोलल्या की रेघ उडते. आज चौसष्टच्या चौसष्ट सपाट होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे धागे अजून चिकटलेले दिसत होते, पण मेलेल्या पेशीही काही वेळ तशाच दिसतात.

तेवढ्यात शार्दूलचाच फोन.

"ताई, माझ्या छोट्या दिमागने पोहे खाल्ले का?" ही त्याची रोजची मस्करी.

"झोपलाय तो."

"मग उठव ना त्याला यार! गुरुवारी पेपर आहे त्याचा."

फोन ठेवून मी परत रेघा बघितल्या. सपाटच.

पुण्याहून आलेला यशोधन शेजारच्या टेबलावर निरोगी पेशी वाढवतो. त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने ओरडायला हवं होतं. त्याऐवजी तो उठला आणि आपल्या डिशमधला थोडा जुना द्रव काढून माझ्या डिशमध्ये घातला, शेजारणीने विरजण द्यावं तसा.

"तुझ्या मेल्या तर?"

"मी अर्धा ठेवलाय."

"वहीत काय लिहू?"

"झालं ते लिही."

मी रेघांकडे बघत बसले. आमच्या खजराण्याच्या गणपतीला नवसही बोलून झाला, म्हणे वैज्ञानिक!

सहाच्या सुमारास एक रेघ हलली. मग तीन. मग चौसष्टच्या चौसष्ट एकदम उसळल्या, आणि उसळतच राहिल्या. यशोधनच्या पेशींचे झटके छोटे असतात. इतका लांबलचक झटका शार्दूलचाच.

"आल्या!" यशोधन ओरडला. मी रडायलाच लागले. शार्दूलची फिट बघून आनंद व्हावा, असं जन्मात पहिल्यांदा घडत होतं. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, तिकडे त्यालाही आत्ता फिट येत असेल तर? आणि हात आपोआप फोनकडे गेला.

"शार्दूल, कुठे आहेस? उभा असशील तर आधी खाली बस."