कोपरानं सुरू होणारा नळ

मित्रांनो, डेन्मार्कमधल्या या इस्पितळाच्या सात नंबरच्या खोलीत लांब दांड्याचा नळ दिसतोय ना, तोच मी! मला हातानं नाही, कोपरानं सुरू करतात. तीस वर्षांपूर्वी पितळेतून घडलो, चकचकीत मुलामा लेवून इथे आलो. डॉक्टर काय, नर्स काय, दिवसभर माझ्याच पुढ्यात. काय थाट होता म्हणून सांगू!

मग कोरोना आला आणि दाराशी सॅनिटायझरची बाटली लटकली. दोन थेंब चोळले की सगळे पसार. वापराविना माझ्या तोंडावर क्षारांचा पांढरा थर धरला. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

अशात व्हिगो दाखल झाला, फेरीबोटीवरचा निवृत्त आचारी. त्याचा कोरोना बरा झाला, पण छातीसाठी दिलेल्या अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूही मेले आणि एका दांडग्या जंतूनं तिथे ठाण मांडलं. जुलाब थांबेनात. शनिवारी त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. आमच्याकडे रीतच आहे, त्या सकाळी शेजारी दारावर पानांची हिरवी कमान उभारतात आणि गाणी म्हणून जोडप्याला उठवतात.

"जुलाब थांबून दोन दिवस झाल्याशिवाय घरी जायचं नाही," बिर्गिट सिस्टरनं बजावलं.

"मग कमानीखाली माझी एल्से एकटी उभी राहणार?" व्हिगोला रडूच फुटलं.

बुधवारी शेजारच्या खोलीतही तेच दुखणं निघालं. मोठ्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, "अहो, सॅनिटायझरनं हा जंतू मरत नाही! साबण लावा, पाण्याखाली खसाखसा चोळा!"

बिर्गिटनं मला कोपर मारलं. "चल रे म्हाताऱ्या, तुझ्यावाचून अडलंय!" मी आनंदानं असा उसळलो की तिचा एप्रन चिंब. "अगंबाई, लाडात आलाय की!" ती हसत सुटली.

त्यानंतर नवा रोगी निघाला नाही. नव्या औषधानं व्हिगोचे जुलाब शुक्रवारी थांबले. पण घरी जायला एक दिवस कमीच पडला.

शनिवारी सकाळी खिडकीखाली कर्णा वाजला. शेजाऱ्यांनी अख्खी कमानच उचलून आणली होती! बिर्गिटनं एल्सेला एप्रन घालून आत आणलं. "ही परत जाताना दोघांनी हात धुवायचे हं."

एल्सेची निघायची वेळ झाली तशी दोघं माझ्यापुढे उभी राहिली.

"नीट साबण लाव. पन्नास वर्षं सांगतेय!" एल्से करवादली.

"लावतोय गं बाई!"

माझ्या धारेखाली चार हात एकमेकांत गुंतले. बाहेर शेजारी गात होते. मित्रांनो, हात धुवायला वीस सेकंद पुरतात, तेवढे तरी द्याच. या दोघांना पाच मिनिटं लागली, आणि मला बंद करायचं बिर्गिटच्याही जिवावर आलं.