नऊ नंबरची जर्सी

हायकोर्टने त्या रविवारी पहिला चहा संपायच्या आत तिघांना फाशी दिली.

पहिला क्रीडामंत्री. मैदानाचं छप्पर तीन वर्षं गळतंय आणि हा माणूस फिती कापत फिरतोय म्हणून. दुसरा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा एक आरोपी, ज्याचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. आणि तिसरा लंब्या. लंब्या म्हणजे शहराच्या फुटबॉल संघाचा नऊ नंबरचा खेळाडू. त्याने मागचा सामना विकला, अशी कुजबुज आठवडाभर चालली होती. कुजबुज हायकोर्टच्या कानात शिरली की जाहीर निकाल होऊनच तोंडावाटे बाहेर पडायची.

"चौकात लटकवा," कप आपटत तो म्हणाला. "एकाला लटकवा, बाकीचे अकरा सुतासारखे सरळ खेळतील."

"दहा, दाजी," मेहुणा म्हणाला. "एक लटकलाय ना."

बायको ओट्याशी पाठमोरी होती, तरी ती हसली हे तिच्या खांद्यांवरून कळलं.

हायकोर्ट हे त्याचं नाव जर्सी छापायच्या कारखान्यात पडलं होतं. बारा वर्षं तो पाठीवरचे आकडे छापत होता आणि हात चालू असताना तोंड कधी मिटत नव्हतं. कुठल्या खेळाडूचे गुडघे गेले, कुणाची नियत गेली, कुठला मंत्री तुरुंगात हवा, सगळ्याचा निवाडा शाईच्या डब्याजवळ व्हायचा. "मंत्र्याला गोलमध्ये उभा करा," तो म्हणायचा. "पाच वर्षं जागचं न हलायची सवय आहेच त्याला." माणसं पोट धरून हसायची. शेवटी मात्र गाडी ठरलेल्या ठिकाणी यायची. लटकवा.

मेहुणा याच्या अगदी उलट. सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता, बोलायचा कमी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि बहीण सोळाची. तिनेच त्याला मोठं केलं आणि लग्न ठरताना एकच अट घातली: भाऊ माझ्यासोबत येईल. हायकोर्टने ती अट आनंदाने मानली होती, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मेहुण्याला पहिल्यांदा मैदानावर नेलं तेही त्यानेच, खांद्यावर बसवून.

"दाजी, एक सांगू?" मेहुणा कप विसळत म्हणाला. "वॉर्डात मेलेल्या माणसाला पुसून काढायचं काम माझ्याकडे असतं. चांगला होता की वाईट होता, कागदावर लिहिलेलं असतं. उचलताना सारखाच जड लागतो."

"म्हणून तर तू वॉर्डबॉय आणि मी हायकोर्ट. हे घे, तुझी जर्सी. काल छापली."

मेहुण्याने जर्सी उलगडली. निळ्या कापडावर पांढरा आकडा, आणि आकड्याच्या पोटात पुसटसा अंगठा उमटलेला. ओल्या शाईला छापणाऱ्याचाच हात लागला होता. मेहुण्याचा चेहरा जरा उतरला.

"हा नऊ आहे. मी सहा सांगितला होता."

सहा नंबर म्हणजे संघाचा बचावपटू, ज्याला सगळे भिंत म्हणत. मेहुण्याचा जीव त्याच्यावर. कारखान्यात सहा आणि नऊला छपाईची एकच चौकट होती. तीच फिरवून दोन्ही आकडे काढायचे. वरची बाजू कळावी म्हणून कडेला लाल पट्टी चिकटवलेली असे. धुताना ती पट्टी निघाली होती, आणि काल दुपारी हायकोर्ट मालकाला फाशी जाहीर का द्यावी हे समजावत चौकटीवरून शाईचं रबर ओढत होता. चौकट उलटी बसली होती.

"उद्या दुसरी छापून देतो. आज हीच घाल."

"आज लंब्याचा नऊ घालून जाऊ? लोक काय म्हणतील?"

"अरे, पाठीवरचा आकडा तुला कुठं दिसतोय? मनात सहा म्हण, झालं."

मेहुणा हसला, घडी पिशवीत टाकली आणि कामावर गेला. तीनला सुटणार होता, मग थेट मैदानावर.

सामना बरोबरीत होता. शेवटची चार मिनिटं उरली असताना पेनल्टी मिळाली आणि चेंडू घेऊन लंब्या पुढे आला. हायकोर्ट कठड्यावर चढला. बाजूच्यांनी त्याचे पाय धरले. लंब्या धावला, आणि चेंडू आडव्या दांड्यावरून कितीतरी वर, थेट गळक्या छपरावर जाऊन आपटला.

खुर्च्या उपटल्या जाऊ लागल्या.

"बघितलंत?" हायकोर्टचा घसा फाटला. "विकला! डोळ्यांदेखत विकला! नऊ नंबर दिसला की सोडू नका!"

त्याला लंब्या म्हणायचं होतं. पण खेळ थांबवून लंब्याला पोलिसांनी आतल्या दाराने गाडीत घातलं, आणि तोवर वाक्य फाटकाबाहेर पोहोचलं होतं. नऊ नंबर, नऊ नंबर. शंभर तोंडांनी ते उचललं. ज्यांच्या अंगात नऊ होता त्यांना अर्थ बरोबर कळला. माणसं उघडी झाली. चिंध्या करून जर्स्या फेकल्या, कुणी तरी त्या पेटवल्या, आणि जो मघाशी नऊ घालून नाचत होता तोच उघड्या छातीने सगळ्यात मोठ्याने ओरडत होता.

मेहुणा उशिरा पोहोचला होता. मागच्या फाटकाशी उभं राहून त्याने शेवटची मिनिटं पाहिली होती. सगळ्या नऊवाल्यांनी जर्स्या काढल्या. त्याने काढली नाही, कारण सकाळपासून तो मनात सहा म्हणत होता. पाठ त्याची, पण तिच्यावरचा आकडा सगळ्यांना दिसत होता, त्याला सोडून. दाजी कुठे दिसतात का, हे शोधत तो गर्दीकडेच चालत आला.

पहिली वीट मानेवर बसली. तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्याने केस धरून त्याला खाली पाडला आणि मग पाय सुरू झाले. अंगावर बुटांचा आवाज ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा येत होता. मैदानाच्या भिंतीला लागून एका पंक्चरवाल्याचं दुकान होतं. तो हवा भरायची नळी टाकून धावला. "अरे मरेल तो! माणूस आहे!" म्हणत गर्दीत घुसला. कोपरांनी, नखांनी वाट काढत त्याने पडलेल्या माणसाच्या डोक्यावर आपलं अंग टाकलं. त्यालाही पडायला लागल्या.

हायकोर्ट धावत पोहोचला तेव्हा त्याला फक्त कपडे, पाय आणि निळ्या पाठीवरचा पांढरा नऊ दिसला. कुणी तरी म्हणालं, "हायकोर्ट आला रे, वाट द्या!" आणि खरोखरच वाट झाली. बारा वर्षं तो जे तोंडाने करत होता ते आता पायाने करायची सोय झाली होती. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि कमरेच्या वर, बरगड्या संपतात तिथे, जीव खाऊन लाथ घातली. आत काही तरी मोडलं. ते त्याला बुटातून कळलं.

दुसरी लाथ उचलताना त्याला नऊच्या पोटातला अंगठा दिसला.

पाय हवेतच राहिला. आपला अंगठा माणूस कुठेही ओळखतो असं नाही. त्याने ओळखला.

"थांबा," तो म्हणाला. मग तो किंचाळला. पण थांबले ते त्याच्यामुळे नाही, शिट्ट्यांमुळे. पोलीस आले आणि गर्दी पाण्यासारखी गल्ल्यांत झिरपली. मागे उरले तिघे: तोंडातून लाल फेस येणारा मेहुणा, त्याच्या उशाशी बसून रडणारा हायकोर्ट, आणि कोपरापर्यंत रक्ताने भरलेला पंक्चरवाला, ज्याच्या कमरेला टायर काढायची लोखंडी पाती खोचलेली होती. पोलिसांना आणखी काय हवं? त्यांनी त्याला तिथेच झोडपायला घेतलं. "मी नाही हो, मी वाचवत होतो, ह्यांना विचारा!" त्याने हायकोर्टकडे बोट केलं. काठी त्या बोटावर बसली.

हायकोर्टने सगळं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही म्हणता आलं नाही.

दवाखाना मेहुण्याचाच होता. रोज तो जी ढकलगाडी ढकलायचा तिच्यावरच त्याला घातलं. त्याच्यासोबतचे वॉर्डबॉय धावताना रडत होते. रात्री आठच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. एक मूत्रपिंड फुटलं होतं, काढावं लागलं. मणक्याला मार आहे. "जगेल," ते म्हणाले. "चालेल की नाही, आठवड्याने सांगू. बाकीचं भरून येईल. कमरेवर एक लाथ बसलीय, तिने घात केला."

बायको बाकावर बसली होती. तिचा आवाज सहसा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर जात नसे. आताही ती हळूच बोलली.

"पकडलाय म्हणे एकाला. पंक्चरवाला. तुम्ही म्हणता ना नेहमी? त्याला लटकवायला हवा. मी बघायला जाईन."

इतकी वर्षं हे वाक्य हायकोर्ट पेरत होता. त्याच्या घरात उगवलेलं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.

"अगं, पंक्चरवाला नाही. तो तर ह्याच्यावर आडवा पडून वाचवत होता."

"मग कोण? तुम्ही होतात तिथे. पाहिलंत?"

"ती लाथ माझी."

तिने त्याच्याकडे बघितलं. जणू तो परक्या भाषेत बोलला होता. मग तिची नजर त्याच्या उजव्या बुटावर गेली आणि तिथेच थांबली.

भावासाठी आणलेला पाण्याचा स्टीलचा थर्मास तिच्या मांडीवर होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. दुसरा घाव कानावर, तिसरा गळ्याच्या हाडावर. ती ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. मन लावून, एका लयीत मारत होती. त्याने हात वर केला नाही. दोन नर्सनी तिला मागे ओढलं तेव्हा थर्मासला पोचे पडले होते आणि फरशीवर पाणी आणि रक्त एकत्र वाहत होतं.

"अहो," धापा टाकत ती म्हणाली, आणि इतकं सगळं होऊनही तोंडात अहोच आलं, "त्या माणसाला आधी सोडवून आणा. तो माझ्या भावावर आडवा पडला होता. जा. मग काय व्हायचं ते होऊ दे तुमचं."

चौकी दोन गल्ल्यांवर होती. बाहेर तीन-चारशे माणसं जमली होती. दुपारी जी माणसं नऊ नंबरला मारत होती त्यांतलीच बरीच, आता नऊ नंबरचा कैवार घेऊन आली होती. "बाहेर काढा त्याला!" "आमच्या ताब्यात द्या!" दिवा फुटला होता. दाराला आतून कडी होती. पायऱ्यांवर दोन शिपाई काठ्या आडव्या धरून उभे होते आणि त्यांचे चेहरे पांढरे पडले होते.

"हायकोर्ट आला!" कुणी तरी ओरडलं. "ह्याच्याच मेव्हण्याला मारलं! बोल रे हायकोर्ट, काय करायचं त्या पंक्चरवाल्याचं?"

पुन्हा वाट झाली. पायरीपर्यंत वीसेक पावलं. सगळे त्याच्या फुटक्या तोंडाकडे बघत होते. वाटलं असेल, रडून सुजलंय. काहीच न बोलता आत शिरता आलं असतं. पण मग बाहेर आलेल्या पंक्चरवाल्याला ह्या लोकांनी दहा पावलंही जाऊ दिलं नसतं. हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. ही गर्दी त्याला स्वतःच्या हातासारखी ठाऊक होती.

तो वळला.

"पंक्चरवाल्याने वाचवलंय. नऊ नंबरला मारा, असं मी म्हणालो. कंबर मी मोडली. माझ्या मेव्हण्याची."

कुणी तरी हसलं. मग हसू थांबलं.

"पुन्हा सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा सांगितलं. मागच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पहिला दगड खांद्यावर लागला. दुसरा भुवईवर, आणि डोळ्यात गरम काही तरी उतरलं. तो पायऱ्या चढू लागला. मागून कुणी तरी शर्ट धरला, तो फाटला. एक हात मानेत अडकला, त्याला चावून त्याने सोडवला. शिपायाची काठी गर्दीसाठी उठली होती, ती याच्याच पाठीत बसली. दारावर त्याने मूठ आपटली, मग कपाळ. "उघडा," तो म्हणत होता, "लिहून घ्या, उघडा."

दार वीतभर उघडलं. हवालदाराने त्याला कॉलर धरून आत ओढलं आणि कडी लावली. लगेच बाहेरून दारावर लाथा सुरू झाल्या.

आत भिंतीशी एक बाक होता. त्यावर पंक्चरवाला बसला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, मोडलेलं बोट दुसऱ्या मुठीत धरलेलं. त्याने उघड्या डोळ्याने हायकोर्टला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जगला का तो?" त्याने विचारलं.

हायकोर्टने मान हलवली. जगला.

पंक्चरवाला बाकावर थोडा सरकला आणि शेजारची जागा मोकळी करून दिली.