मी खचलो नव्हतो

मित्रांनो, मोरव्याच्या खाडीकडेला चिखलात रुतून उभा असलेला एक जुना खैराचा खांब तुम्ही पाहिला नसेल. तो मी. पाहिला असता, तरी माझ्या डोक्यावर बसलेल्या बगळ्याकडेच तुमचं लक्ष गेलं असतं. ही माझी जुनी तक्रार आहे, मनावर घेऊ नका.

घोडबंदरच्या डोंगरात मी वाढलो. मोरव्यातल्या धाकू शेतकऱ्याच्या वडिलांनी मला तोडून बैलगाडीतून आणलं, साल तासली आणि बांधातल्या उघाडीशेजारी कायमचं रोवलं. उघाडी म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला मिटून खारं पाणी बाहेर अडवायचं. बांधाच्या आत चाळीस घरांची भातशेती होती.

माझं काम साक्षीदाराचं. पावसाळ्यातल्या सर्वांत मोठ्या उधाणाला पाणी माझ्या अंगावर कुठवर चढतं, ते बघायचं. जुन्या खाचेच्या वर गेलं तर कोयत्याने नवी खाच पाडायची, आणि सुगीनंतर चाळीस घरांनी माती वाहून बांध त्या खाचेच्या वर चार बोटं चढवायचा. खाचेपाशीच थांबलं तर नुसती डागडुजी करायची. धाकूच्या वडिलांनी पाडलेली खाच उघाडीच्या दगडी उंबरठ्यापासून बरोबर दोन हात उंच होती. त्यांच्यानंतर खाच बघायचा मान धाकूकडे आला. उधाणाच्या दिवशी त्याची बायको शेवंती मला हळदकुंकू लावायची. तेव्हा मला फार भरून यायचं. गावाचं पोट आपल्या शब्दावर चालतं, हा तोरा मी मिरवत होतो, हे कबूल करतो.

एकोणनव्वद साली पाणी खाचेच्या बोटभर वर गेलं. मी वाट पाहत होतो कोयत्याची. धाकूने वाकून पाहिलं, डोकं खाजवलं आणि बांधावरच्या माणसांना म्हणाला, "खांब खचलाय."

"खचनारच," कोणीतरी म्हणालं. "चिखल हाय तो. दर्या कुठं वाढतंय?"

सगळ्यांना ते पटलं. पटायला सोपंही होतं, कारण खांब खचला असेल तर माती वाहायला नको. चौघांनी पहार घालून मला बोटभर उचललं आणि बुडाशी दगड ठोकले. चोर सोडून संन्याशाला फाशी, मित्रांनो! मी खचलो नव्हतो. माझं बूड कातळाला टेकलेलं होतं. पण लाकडाला तोंड नसतं.

त्र्याण्णवला पुन्हा तेच झालं आणि शहाण्णवला तिसऱ्यांदा. दर वेळी मला बोटभर वर उचललं, की पाणी बरोबर जुन्या खाचेवर यायचं आणि गाव निर्धास्त व्हायचं. बांधाची चार बोटं होती, त्यातली तीन संपली. हे ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो. हळदकुंकू लावून घेताना मला लाज वाटू लागली. माझ्याकडून खोटी साक्ष वदवली जात होती आणि ती वदवणारी माझीच माणसं होती.

सत्त्याण्णवच्या श्रावणात सुचेताबाई आल्या. मुंबईहून इथल्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या शिक्षिका. सातवीच्या वर्गाला खाडी दाखवायला घेऊन आल्या होत्या. मुलांनी माझ्या खाचेत बोटं घातली. इतके हात अंगाला लागल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे! धाकूने मोठ्या हौसेने माझी कथा सांगितली, खांब तीनदा कसा खचला तेही सांगितलं.

बाईंनी विचारलं, "पण दादा, खांबच खचला हे कशावरून?"

धाकू हसला. "मंग काय दर्या वर आला?"

बाईंनी पर्समधून शिवणाची टेप काढली आणि उंबरठ्यापासून खाचेपर्यंत मोजलं. मग धाकूला त्याच्या हाताने मोजायला सांगितलं. दोन हात आणि वर तीन बोटं भरली.

"खचला असता आणि तुम्ही परत जागेवर आणला असता, तर बरोबर दोन हात भरले असते," बाई म्हणाल्या. "उंबरठा तर खचला नाही ना?"

"न्हाय," धाकू हळूच म्हणाला. "तो कातलावर हाय."

मग बाईंनी त्याला सांगितलं. कारखाने, मोटारी, वीजघरं कोळसा नि तेल जाळतात. त्या धुरातला वायू हवेत साठतो आणि पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. काठोकाठ भरलेलं पातेलं तापवलं की पाणी सांडतं, तसा तापलेला समुद्र फुगतो, आणि डोंगरावरचं बर्फ वितळून त्यात भर पडते. "पण सगळी तीन बोटं त्याचीच नाहीत," त्या म्हणाल्या. "तिवरांची झाडं तोडली, खाडीत भराव टाकून तिला अरुंद केलं. माझी इमारतसुद्धा भरावावरच उभी आहे, दादा."

धाकूने पुन्हा एकदा खाचेला बोटं लावून बघितली. "जालतंय कोन, न पानी येतंय आमचे बांधाव," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, सुटलो! आता हा गावात जाईल, चाळीस घरं माती घेऊन येतील. पण धाकू गावात गेला नाही. आठ वर्षं ज्याने गावाला निर्धास्त झोपवलं, त्याने कोणत्या तोंडाने जागं करायचं? दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच घमेलं घेऊन येऊ लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओली माती टाकायचा, पावसात अर्धी वाहून जायची. शेवंतीने विचारलं, तेव्हा म्हणाला, "खेकड्यांची बिलं बुजवतंय." चाळीस घरांचा बांध एका माणसाने कुठवर चढवावा? त्याचे सोललेले हात बघून माझा राग पार निघून गेला.

अमावास्येच्या भर दुपारी वाऱ्यासकट उधाण आलं. धाकूची माती जिथे संपत होती, तिथून पाणी आत उतरलं. त्यात धडाधड कोसळण्यासारखं काही नव्हतं. ते सावकाश, पातळ पदरासारखं पोटरीला आलेल्या, लोंबी फुटायच्या बेतातल्या भातावर पसरत गेलं आणि घटकाभरात सगळी शेतं खाडी झाली.

शेवंती धावत आली. बांधावर बसून धाकूने तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. खाऱ्या पाण्यातलं भाताचं एक रोप उपटून तिने हातात धरलं आणि म्हणाली, "सांगितला असतास, तर चालीस घरा आली असती रं."

भात करपलं. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं लाल भाताचं बियाणंही त्याच्याबरोबर गेलं. मिठाने धरलेली जमीन धुऊन निघायला तीन-चार पावसाळे लागतात, आणि तेवढी वाट बघण्याचा धीर कोणाला उरला नाही. एकेक शेत विकलं गेलं, भरावासाठी मातीचे ट्रक आले. धाकू पुन्हा माझ्याकडे फिरकला नाही. मी रागावलो असेन, असं त्याला वाटत असावं. त्याला कसं सांगू की मी रोज त्याची वाट बघतो?

मित्रांनो, हे नव्व्याण्णव साल आहे. आता उधाण माझ्या अंगावर कुठवर चढतं ते बघायला कोणी येत नाही. मी मोजतो आणि माझ्यापाशीच ठेवतो. तुम्ही त्या भरावावरच्या इमारतींमध्ये राहता. उद्या पाणी तुमच्या जिन्याशी आलं, तर पायरी खचली असं एकमेकांना सांगू नका. आणि खरं काय ते ज्याला आधी कळेल, त्याने एकट्याने घमेलं उचलू नये. आधी शेजाऱ्याचं दार वाजवावं.